एमए सायकॉलॉजीचा प्रोजेक्ट: माणूस मध्ये ठेवून रिसर्च कसा करायचा (जळगाव-धुळे-नंदुरबारवाल्यांसाठी)

प्रोजेक्टचा विषय द्यायची वेळ आली की अर्ध्या वर्गाचा विषय आधीच ठरलेला असतो, "ग्रामीण व शहरी विद्यार्थ्यांमधील ताण व समायोजन: एक तुलनात्मक अभ्यास". साठ पोरं खेड्यातली, साठ जळगावातली, गुगल फॉर्म व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा, दहा वेळा "प्लीज भरा रे" म्हणायचं, टी-टेस्ट (दोन गटांच्या सरासरीतला फरक तपासायची) लावायची, फरक निघाला तर निघाला नाहीतर "परिकल्पना त्याज्य" लिहून बाइंडिंगला द्यायचं. एकशेवीस लोकांतला एक माणूस तुम्हाला कळलेला नसतो. मग वर्गातलं कोणीतरी कार्ल रॉजर्स (थेरपीत माणसाला मध्ये ठेवणारा अमेरिकन सायकॉलॉजिस्ट) वाचतं आणि म्हणतं मी पर्सन-सेंटर्ड, म्हणजे माणूस मध्ये ठेवून करणार, आणि गाईडला वाटतं की ह्या पोराला आकडेमोडीतून सुटका पाहिजे, आणि खरं सांगायचं तर बऱ्याचदा तसंच असतं.

म्हणून आधी हे डोक्यातून काढा की पर्सन-सेंटर्ड म्हणजे गप्पा मारायच्या आणि छान छान लिहायचं. आपल्या नोट्समध्ये रॉजर्स फक्त समानुभूती वगैरेवाला मऊ माणूस म्हणून येतो, पण हा बाबा मोजमापाचा पक्का होता. थेरपीच्या खोलीत काय झालं ते त्या काळात थेरपिस्ट नंतर आठवून लिहायचे, ह्याने सेशन रेकॉर्ड केले आणि १९४२च्या पुस्तकात एका क्लायंटचं सगळं बोलणं पहिल्या सेशनपासून शेवटच्यापर्यंत शब्दशः छापून टाकलं, घ्या तपासून. १९५७च्या लेखात थेरपीने माणूस बदलायला काय काय लागतं याच्या त्याने सहा अटी मांडल्या त्या पण "अमुक असेल तर तमुक होईल" अशा भाषेत, म्हणजे कोणालाही खोट्या पाडता येतील अशा. पुढे विस्कॉन्सिनला स्किझोफ्रेनियाच्या पेशंटवर मोठा अभ्यास केला, थेरपी मिळालेला गट आणि न मिळालेला गट यांच्यात एकूण बघता अपेक्षेएवढा फरक आला नाही, ते पण छापलं. तर तुम्ही रॉजर्सचं नाव घेऊन पद्धतीत ढिलाई केली तर ते त्याच्याच नावावर पाणी फिरवणं आहे.

आता विषय. मी इथं एकच उदाहरण धरून शेवटपर्यंत चालवतो म्हणजे समजायला सोपं. आपल्याकडं अमळनेर, चोपडा, पारोळा, शिरपूर कुठंही जा, गल्लीत एक तरी पोरगं सापडतं जे एमपीएससीसाठी पुण्याला गेलं, काही वर्षं सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहिलं, मेन्सपर्यंत पोचलं किंवा नाही पोचलं, आणि परत आलं. आता शेती बघतं, कोणाचं केळीचं काम बघतं, कोणी मोबाईलचं दुकान टाकलं. ह्यांच्यावर काय विचारायचं? "स्पर्धा परीक्षेतील अपयशाचा आत्मसन्मानावर होणारा परिणाम" असं लिहिलं की संपलं, कारण "अपयश" हे तुम्ही आधीच ठरवून टाकलं, त्या माणसाला ते अपयश वाटतंय का हे विचारलंच नाही. प्रश्न असा ठेवा: पुण्याहून परत आलेली पोरं-पोरी स्वतःकडे कसं बघतात, आणि परत आल्यानंतरचा काळ त्यांनी कसा जगला. "परिणाम"च्या जागी "कसं" आलं की पद्धत आपोआप बदलते. शिवाय रॉजर्सच्या थिअरीत हे अगदी चपखल बसतं, माणसाला मिळणारी माया अटींवर टांगलेली असते हे त्याचं म्हणणं, आणि "साहेब होऊन ये मग बघ गावात काय मान मिळतो" याच्यापेक्षा स्वच्छ अट दुसरी कोणती.

गाईड म्हणतील जनरल नियम कुठंय. त्यांना गॉर्डन ऑलपोर्ट, व्यक्तिमत्त्वावर काम केलेला अमेरिकन सायकॉलॉजिस्ट, सांगायचा. सगळ्यांना लागू होणारे नियम शोधणं एक, आणि एका माणसाचा आतला मेळ कसा लागतो ते शोधणं दुसरं, हा फरक त्याने १९३७मध्ये सायकॉलॉजीत आणला आणि दोन्ही विज्ञानच आहे असं म्हटलं. तुम्ही दुसरं करताय.

पद्धत निवडताना फार गोंधळ घालू नका. अनुभवाच्या आत जायचं असेल, माणसं कमी असतील तर आयपीए (इंटरप्रिटेटिव्ह फिनॉमेनॉलॉजिकल ॲनालिसिस, माणूस आपल्या अनुभवाचा अर्थ कसा लावतो ते बघायची पद्धत), जोनाथन स्मिथने नव्वदच्या दशकात पुढं आणलेली, एमएच्या लेव्हलला तीन ते सहा माणसं पुरतात आणि एका माणसाचं विश्लेषण पूर्ण संपवल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नसतो. दहा-बारा लोकांतून सामाईक धागे काढायचे असतील तर थीमॅटिक ॲनालिसिस, ब्राउन आणि क्लार्क यांचा २००६चा लेख. दोन्हीचं भजं करू नका, एक धरा. ग्राउंडेड थिअरी, म्हणजे डेटातूनच नवीन थिअरी उभी करणं, एमएच्या वेळात नीट होत नाही असं माझं मत आहे, ज्याला करायची त्याने करा.

माणसं कुठून आणायची? अभ्यासिकेत जा, तिथला एकजण दुसऱ्याचा नंबर देतो. एक सांगतो, सरपंच, सर किंवा मामाच्या ओळखीनं नका जाऊ. मामांनी फोन केला की पोरगं नाही म्हणू शकत नाही, आणि नाही म्हणता येत नसेल तर ती संमती कसली. पोरी शोधणं जास्त अवघड, कारण परत आल्यावर बऱ्याच जणींचं लग्न लवकर लावून देतात. त्या अख्खाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी सापडतात हे खरं, पण बिचारी वर्षातून त्या चार दिवसांसाठी आलेली असते, झोका सोडून तुमच्यासमोर तास दीड तास बसेल का हे आधी विचारा, आणि विचारताना तिच्या आईसमोर विचारू नका.

जागेचा प्रश्न आपल्याकडं सगळ्यात मोठा आणि पुस्तकात यावर एक ओळ नसते. घरी मुलाखत घ्यायला बसलात की आई चहा घेऊन येते आणि तिथंच बसते, काका येतात आणि पोराला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर काकाच देतात, "याचं फक्त तीन मार्कांनी हुकलं हो". त्यांना उठवता येत नाही. म्हणून पहिल्या भेटीत घरी जा, सगळ्यांशी बोला, काय करणार आहात ते मोठ्यांना पण सांगा, आणि मुलाखत दुसऱ्या दिवशी मळ्यात, गच्चीवर, लायब्ररीत, जिथं तो म्हणेल तिथं. मे महिना टाळा, पारा ४५च्या आसपास असतो आणि कूलर लावला की रेकॉर्डिंगमध्ये फक्त कूलर ऐकू येतो, कूलर बंद केला तर दोघांचं लक्ष घामाकडे. टेस्ट म्हणून आधी एक मिनिट रेकॉर्ड करून ऐकायचंच.

संमतीपत्र "सहभागी व्यक्तीस" अशा सरकारी मराठीत दिलं तर तो न वाचता सही करेल. तोंडी सांगा, त्याच्या बोलीत सांगा: रेकॉर्ड होणार आहे, नाव बदलणार, कुठल्याही प्रश्नाला नको म्हणता येईल, मध्येच उठून जाता येईल, नंतर फोन करून "माझं काढून टाक" म्हणता येईल आणि ते कोणत्या तारखेपर्यंत. मग सही. कॉलेजात एथिक्स कमिटी असेल तर हे सगळं त्यांच्याकडून आधी पास करून घ्या, नसेल तर गाईडची लेखी परवानगी घ्या. आणि नाव बदललं म्हणजे माणूस लपला असं खेड्यात होत नाही. "पारोळा तालुक्यातल्या दीड हजार वस्तीच्या गावातला, पीएसआयची मेन्स दिलेला, आता दूध डेअरी चालवणारा सुनील (नाव बदललेले)" असं लिहिलं तर पूर्ण तालुक्याला कळतं. गाव काढा, परीक्षा ढोबळ ठेवा, धंदा बदला आणि बदललाय हे पद्धतीच्या प्रकरणात सांगा.

आता मुलाखत. इथं सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण बाकी सगळं नंतर दुरुस्त होतं, मुलाखत होत नाही. रॉजर्सच्या त्या सहा अटींतल्या तीन गोष्टी, समानुभूती, विनाअट स्वीकार आणि आत-बाहेर एकच असणं, या पेपरात पाच मार्कांसाठी लिहितो त्या इथं प्रत्यक्ष करायच्या असतात. प्रश्नांची यादी पंधरा-वीसची नको, पाच-सहा बस्स झाले. पहिला प्रश्न मोकळा: "पुण्याहून परत आले त्यानंतरचं, तुम्हाला जिथून सांगावंसं वाटतं तिथून सांगा दादा." मग गप्प बसा.

समजा तो म्हणाला, "घरी आलो ना ताई, तर पयले पंधरा दिवस मी गल्लीतच निंघालो नाही. आप्पांना कोणी इचारलं पोरगं काय करतं, तर आप्पा काहीच बोलायचे नाही."

इथं आपल्या तोंडून काय निघतं? "अहो दादा टेन्शन नका घेऊ, धंद्यात पण लई पैसा आहे." गेलं. त्याला कळलं की हिला माझं दुःख ऐकायचं नाही, तिला ते पुसायचंय. किंवा "म्हणजे तुम्हाला डिप्रेशन आलं होतं का?" हे पण गेलं, आता तो तुमच्या शब्दात उत्तर देणार. किंवा "आप्पा का बोलायचे नाही?" असं विचारलं की तो आप्पांची वकिली करायला लागतो.

त्यापेक्षा त्याचंच त्याला परत द्या: "आप्पा गप्प राहायचे, आणि ते तुम्ही बघत होते."

थांबा. पाच सेकंद, दहा सेकंद. मोबाईलकडं बघू नका.

"हां. रागावले असते ना, तर बरं वाटलं असतं."

हे वाक्य कोणत्याच प्रश्नावलीत आलं नसतं. रॉजर्सचं ऐकणं म्हणजे मान डोलवणं नाही की पोपटासारखं शेवटचं वाक्य म्हणणं पण नाही, तुम्हाला काय समजलं ते त्याच्यासमोर ठेवायचं आणि चूक असेल तर त्याला दुरुस्त करू द्यायचं. तो "नाही नाही, तसं नाही" म्हणाला तर खूश व्हा, पुढचं वाक्य सोन्याचं असतं. विनाअट स्वीकाराची परीक्षा वेगळ्या ठिकाणी होते, तो आरक्षणावर काहीतरी बोलेल, बायकांवर काहीतरी बोलेल, ते तुम्हाला पटणार नाही. पटल्यासारखं नाटक करायचं नाही, वाद पण घालायचा नाही, "तुम्हाला ते असं दिसतं" एवढं म्हणून पुढं ऐकायचं. आणि आत-बाहेर एकच म्हणजे तुम्ही स्वतः एमपीएससी देत असाल तर ते आधीच सांगून टाका, नंतर त्याला दुसरीकडून कळलं तर भरवसा उडाला.

जेवणाचं एक राहिलं. मुलाखत संपली की "शेवभाजी केलीय, जेवून जा" होणारच, नाही म्हणालात तर घरचे रागवतील, खुशाल जेवा. पण रेकॉर्डर बंद झाल्यावर जेवताना जे बोललं गेलं ते डेटा नाही. खूपच महत्त्वाचं निघालं तर निघताना विचारा "हे मी लिहिलं तर चालेल का", नाही म्हणाला तर विसरा. नेमकं ताटावर बसल्यावरच लोक खरं बोलतात हा आपल्या भागातला रिसर्चचा ताप आहे, काय करणार.

आणि हे ठळक लक्षात ठेवा: तुम्ही रॉजर्ससारखं ऐकताय, थेरपी करत नाहीये. चांगलं ऐकलं की माणूस उघडा होतो, रडतो, आणि त्याला सांभाळायचं ट्रेनिंग तुमच्याकडं नाही. रडला तर रेकॉर्डर बंद करा, पाणी द्या, पुढं जायचं का थांबायचं ते त्याला ठरवू द्या. जीव द्यायचा विचार बोलून दाखवला तर मुलाखत तिथंच संपली, थेट आणि शांतपणे विचारा की असा विचार आता येतोय का, एकटं सोडू नका, त्याच्या विश्वासातल्या माणसाला त्याला सांगूनच बोलवा, टेली-मानसचा १४४१६ हा फुकटचा सरकारी नंबर त्याच्यासमोरच लावून द्या, लगेच धोका वाटला तर ११२ किंवा सरळ सिव्हिल हॉस्पिटल, आणि त्याच दिवशी गाईडला कळवा. गुप्ततेला ही एक मर्यादा आहे हे संमती घेतानाच सांगितलेलं असलं पाहिजे. पीएचक्यू-९ (डिप्रेशन मोजायची नऊ प्रश्नांची प्रश्नावली) वापरत असाल तर नववा प्रश्न याचाच असतो, ते फॉर्म घरी नेऊन महिन्याने एक्सेलमध्ये भरायचे नसतात, तिथंच उघडून बघायचे.

आता ज्यांना आकडे पण पाहिजेत त्यांच्यासाठी क्यू-सॉर्ट, म्हणजे वाक्यांची कार्डं स्वतःला किती लागू पडतात त्या क्रमाने लावणं. मला ही पद्धत फार आवडते आणि आपल्याकडं कोणी करत नाही. विल्यम स्टीफन्सनने १९३५मध्ये मांडली, आणि शिकागोत बटलर आणि हेग यांनी ती रॉजर्सच्या क्लायंटवर वापरली, १९५४ला छापून आलं. शंभर कार्डं, प्रत्येकावर एक वाक्य, क्लायंटने ती दोनदा लावायची, एकदा "मी आहे तसा" आणि एकदा "मला व्हायचंय तसा", आणि दोन्हींचा सहसंबंध काढायचा, म्हणजे दोन्ही रचना किती जुळतात तो -१ ते १ मधला आकडा. थेरपीआधी तो सरासरी -०.०१ होता, म्हणजे आहे त्याचा आणि पाहिजे त्याचा काही मेळच नाही, थेरपीनंतर ०.३४ झाला.

तुम्ही शंभर नका करू, ३६ पुरे. वाक्यं पुस्तकातून उचलू नका, पहिल्या दोन-तीन मुलाखतींतून काढा. "चारचौघांत मी माझं मत सांगतो." "लोक मला माझ्या निकालावरूनच ओळखतात." "घरच्यांना माझा आधार वाटतो." "माझा निर्णय मी घेतो." निम्मी चांगल्या बाजूची, निम्मी उलट, म्हणजे एका बाजूला झुकत नाही. कार्डशीट कापायची, मागं नंबर टाकायचे. जमिनीवर चटई टाकून नऊ रांगा, डावीकडं "अजिबात माझ्यासारखं नाही" ते उजवीकडं "एकदम माझ्यासारखं", उणे चारपासून अधिक चारपर्यंत. रांगेत कार्डं किती ते ठरलेलं: २, ३, ४, ५, ८, ५, ४, ३, २. म्हणजे टोकाला दोनच बसतात, आणि कोणती दोन ठेवू यावर माणूस जो विचार करतो, बडबडतो, कार्ड उचलून परत ठेवतो, तो बघण्यासारखा असतो, तेव्हा रेकॉर्डर चालू ठेवा (सांगून). लावून झालं की फोटो काढा, कार्डं पिसा, दुसरी रचना दुसऱ्या दिवशी घ्या म्हणजे पहिली आठवून लावत नाही.

गणित चौथीच्या पोराला जमेल. प्रत्येक कार्डाची पहिली जागा आणि दुसरी जागा यातला फरक काढा, वर्ग करा, ३६ कार्डांची बेरीज करा. ती बेरीज ३२०ने भागा आणि १मधून वजा करा, हाच सहसंबंध. बेरीज २४० आली तर ०.२५. हे ३२० फक्त वरच्याच रचनेला लागू आहे, कार्डं किंवा रांगा बदलल्या तर प्रत्येक जागेच्या किमतीचा वर्ग करून ३६ काय जी असतील त्यांची बेरीज घ्या (इथं १६० येते) आणि दुप्पट करा.

पण आकडा आला की नाचू नका. सहसंबंध जास्त आला म्हणजे माणूस मजेत आहे असं नाही, काहीजण स्वतःला बरं दाखवायलाच कार्डं लावतात, आणि कमी आला म्हणजे आजारी असंही नाही, स्वतःबद्दल प्रामाणिक असेल. म्हणून कार्डं आणि मुलाखत शेजारी ठेवून वाचायची. "घरच्यांना माझा आधार वाटतो" हे कार्ड आत्ताच्या रचनेत उणे तीनला आणि व्हायचंय त्यात अधिक चारला गेलं, आणि मुलाखतीत आप्पांचं गप्प राहणं आलंय, तर तुम्हाला लिहायला काहीतरी सापडलं. आणि कृपा करून सहा लोकांच्या सहसंबंधांवर टी-टेस्ट लावू नका.

बोललेलं टाइप करणं कंटाळवाणं आहे, तासाभराच्या बोलण्याला पाच-सहा तास सहज जातात, आणि मोबाईलचं व्हॉइस टायपिंग अहिराणी ऐकलं की काहीही टाइप करतं. तरी स्वतः करा, बहिणीला किंवा टायपिंगवाल्याला देऊ नका, एकतर गुप्तता आणि दुसरं म्हणजे टाइप करतानाच अर्धं विश्लेषण होतं. "मन्हा जीव घाबरस" म्हणाला तर तेच लिहा, प्रमाण मराठी करून "मला चिंता वाटते" नका करू, वाटल्यास खाली अर्थ द्या. हसला, थांबला, आवाज उतरला, ते पण कंसात. तयार प्रश्नावली मराठीत आणायची असेल तर एकाने भाषांतर करायचं, मूळ न बघितलेल्या दुसऱ्याने ते परत इंग्रजीत न्यायचं आणि दोन्ही ताडून बघायचं, ब्रिस्लिनची १९७०ची पद्धत, सगळ्या परीक्षकांना माहिती असते.

विश्लेषणात पोरं एकाच ठिकाणी अडकतात. थीम म्हणून "कुटुंबाची भूमिका", "आर्थिक अडचणी", "समाजाचा दृष्टिकोन" असं लिहितात. ही नुसती खोकी झाली, मुलाखत न घेता पण ही लिहिता आली असती. थीममध्ये म्हणणं पाहिजे: "घरच्यांचं गप्प राहणं रागावण्यापेक्षा जड जातं", "परत येणं हे गावाला नाही तर स्वतःलाच समजावून सांगावं लागतं". असं म्हणणं किती जणांच्या बोलण्यात आहे, कोणाच्या बोलण्यात अगदी उलटं आहे, तो उलटा माणूस लपवू नका. एखादी पोरगी म्हणेल की पुणं सोडलं तो दिवस सगळ्यात मोकळा होता, तिला पूर्ण जागा द्या.

रोज दोन ओळींची वही ठेवा. आज कोणाचा राग आला, कोणाची बाजू घ्यावीशी वाटली, तुमची जात, तुमचं घर, तुम्ही पोरगी आहात की पोरगा यामुळं समोरच्याने काय टाळलं असेल. परीक्षेत याला रिफ्लेक्झिव्हिटी म्हणतात. आणि थीम काढून झाल्या की त्या माणसाकडे परत जाऊन वाचून दाखवा. तो म्हणाला "हे मी असं म्हटलं नव्हतं" तर त्याचं म्हणणं पण प्रोजेक्टमध्ये येईल, तुमचं पण.

व्हायव्हाला (तोंडी परीक्षेला) बाहेरचे सर पहिलाच प्रश्न टाकतील: "फक्त सहा? यावरून काय सिद्ध होतं?" घाबरून "सर वेळ कमी होता" म्हणू नका, मग फसलात. सांगा की संपूर्ण खान्देशातल्या पोरांबद्दल दावा केलेलाच नाहीये, सहा जणांचा अनुभव इतका जवळून दाखवलाय की वाचणाऱ्याला आपल्या ओळखीच्या माणसाशी ताडून बघता येईल, आणि हवं तर दोनशे लोकांना विचारायची प्रश्नावली यातून पुढं बनवता येईल. दुसरा प्रश्न "व्हॅलिडिटी काय?", म्हणजे तुमचे निष्कर्ष खरे कशावरून, त्याला वही, परत जाऊन वाचून दाखवलेलं, उलट गेलेली पोरगी आणि क्यू-सॉर्टचे फोटो दाखवा. फोटोत कोणाचा हात, चेहरा, घरामागची पाटी येत नाहीये ना ते आदल्या रात्री बघून घ्या, आणि निकाल लागला की रेकॉर्डिंग मोबाईलमधून, ड्राइव्हमधून आणि व्हॉट्सॲपवर स्वतःला पाठवलेलं असेल तर तिथूनही उडवा.